चिखलातली निवटी काचेच्या घरात

हल्ली आपल्या वस्त्यांतही माशांच्या काचेच्या पेट्या दिसू लागल्या आहेत. पूर्वी ही हौस डॉक्टरांच्या दवाखान्यात नाहीतर साहेबलोकांच्या बंगल्यात पाहायला मिळे. आता दोन खोल्यांच्या घरातही टीव्हीच्या शेजारी फूटभर लांबीची पेटी असते, तिच्यात हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र गुरगुरत असते आणि मुले नाक काचेला लावून बसलेली असतात. दिवसभर राबून आलेल्या माणसाने घटकाभर मासे पाहत बसावे, यात वावगे काही नाही. वावगे आहे ते पेटीबरोबर घरात शिरणारे दुसरे काही. पेटी अमुक दिशेलाच ठेवा, आठ मासे सोनेरी आणि एक काळा घ्या म्हणजे पैसा टिकतो, आणि मासा मेलाच तर घरावर येणारे संकट त्याने अंगावर घेतले असे समजा, असे विकणारा सांगतो; आणि बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माणसेही मान डोलावतात. मासा कोणाचे संकट घेऊन मरत नाही. बहुतेक वेळा तो त्याच्याच मलमूत्रातून पाण्यात साठलेल्या अमोनियाने मरतो. कारणावाचून कार्य नाही, हे आपण विहारात ऐकतो. काचेच्या पेटीला तो नियम लागू नाही असे कोणी सांगितले?

ही प्रस्तावना एवढ्यासाठी की, धम्मवर्गाच्या निमित्ताने श्रीवर्धनला जाणे झाले तेव्हा आम्ही एक वेगळीच पेटी पाहिली. घर एस.टी.त वाहक असलेल्या एका उपासकाचे. पेटी त्यांच्या अकरावी शास्त्र शाखेत शिकणाऱ्या मुलाची. तिच्यात ना सोनेरी मासा, ना रंगीत खडे, ना प्लास्टिकचे झाड. एका बाजूला चार-पाच बोटे पाणी, दुसऱ्या बाजूला चढत गेलेली वाळू, वाळूत अर्धवट पुरलेले नळाच्या पाइपाचे तुकडे. आणि त्या तुकड्यांच्या तोंडाशी, पाण्याच्या बाहेर, डोळे वटारून बसलेल्या तीन निवट्या.

निवटी कोकणच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. कोणी निवटी म्हणते, कोणी निवटा. बाजारात ती टोपलीत जिवंत वळवळते, राखेने नाहीतर मिठाने चोळून तिचा बुळबुळीतपणा काढावा लागतो आणि तिचे कालवण ज्याने खाल्ले आहे त्याला चवीचे वर्णन वाचण्याची गरज नाही. पण घाटावरच्या आणि मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो. निवटी हा खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा लहान मासा आहे. बोटभरापासून वीतभरापर्यंत लांब. ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्याबरोबर मागे सरतात. ही मात्र बिळाबाहेर येते, पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखी चालते आणि शेपटीच्या झटक्याने उड्या मारते.

श्रीवर्धनला येणाऱ्या पाहुण्याला लांबलचक वाळूचा किनारा दाखवतात, सुपारीच्या बागा दाखवतात आणि पेशव्यांचे मूळ गाव म्हणून स्मारकही दाखवतात. चिखल कोणी दाखवत नाही. खरे तर तालुक्याची अर्धी श्रीमंती त्या चिखलात आहे. दक्षिणेला बागमांडल्याशी सावित्री नदी बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून, महाडच्या अंगावरून वाहत येणारी हीच ती सावित्री. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या महाडकडचा गाळ ही नदी वर्षानुवर्षे इथे आणून टाकते. तरीतून पलीकडे गेलो की मंडणगड तालुका लागतो, आणि त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. आपल्या किती धम्मबांधवांनी ही तर ओलांडली असेल! पण ओहोटीला दोन्ही तीरांवर उघड्या पडणाऱ्या करड्या चिखलाकडे कितीजणांनी पाहिले?

त्या मुलाची आजी आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे तरुणपण ह्या चिखलात गेले. शेत खोताचे, बागायत दुसऱ्याची; ओहोटीला उघडा पडणारा चिखल तेवढा कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. खोती कायद्याने १९४९ साली गेली, परंतु जमीन लगोलग आमच्या माणसांच्या हाती आली असे नव्हे. भातकापणी संपली आणि मजुरी थांबली की बायका लुगडे गुडघ्यावर खोचून खाडीत उतरत. नातवाने पेटी आणली तेव्हा म्हातारी पहिल्यांदा रागावली. "पोटाला नव्हतं म्हणून आमचा जल्म चिखलात गेला, आन् तू तो घरात आणतोस? शिकून हेच केलंस?" असे तिचे शब्द. आम्हाला तो राग समजतो. आपल्या पिढीने चिखल, शेण, मेलेले ढोर यांपासून दूर जाण्यासाठीच शाळेची पायरी चढली. शिकलेल्या नातवाच्या हाताला चिखल लागलेला पाहून तिच्या पोटात खड्डा पडणे साहजिक होते.

पुढे जे घडले ते मात्र ऐकण्यासारखे आहे. पोराने दोन-तीन वेळा खाडीवर जाऊन हात हलवीत परत येणे केले. पुस्तकात निवटीचे शास्त्रीय नाव होते, बिळाची आकृती होती. पण समोर हजार भोके, त्यांतले कोणते निवटीचे आणि कोणते खेकड्याचे हे पुस्तक सांगेना. शेवटी आजीच म्हणाली, चल दाखवते. तिने बांधावर बसूनच शिकवले. खेकडा बिळातून काढतो त्या गोळ्या बारीक, वाटाण्याएवढ्या आणि भोवती पसरलेल्या. निवटी तोंडात चिखल भरून आणते आणि बाहेर ओकते, म्हणून तिचे ढेकूळ मोठे आणि ओलसर. कडा ताजी ओली असेल तर आत मासा आहे. कडेला भेग पडली असेल तर घर रिकामे. एका बिळाला दुसरे तोंड असते, ते हातभर अंतरावर शोधायचे, त्यावर पाय ठेवायचा, मगच हात घालायचा. आणि हात घालण्याआधी काठीने ढोसायचे, कारण निवटीच्या मागे खाडीतला साप आत शिरलेला असतो.

आता यातले किती शास्त्र आहे ते पाहा. चिखलातल्या माशांची बिळे दोन तोंडांची, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची असतात, हे संशोधकांनी बिळांत राळ ओतून, तिचे साचे काढून सिद्ध केले. आमच्या म्हातारीने ते तळपायाने सिद्ध केले होते. फरक एवढाच की संशोधकाचे छापले गेले आणि तिचे कालवणात गेले. शाळेतल्या प्रकल्पाच्या वहीत त्या मुलाने पहिल्या पानावर ‘माहिती देणार’ म्हणून आजीचे नाव लिहिले आहे. आम्हाला ती वही पेटीहून अधिक आवडली.

निवटीचे बीळ म्हणजे नुसते लपण्याचे भोक नव्हे. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर खाली प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तर तो चिखल उकरला की काळा निघतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास मारतो. अशा जागी भरतीच्या वेळी मासा तासन् तास कोंडून कसा जगतो, हा प्रश्न बरेच दिवस कोणाला सुटला नव्हता. जपानचे संशोधक अत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलेशियाच्या पेनांग किनाऱ्यावर काम करून १९९८ साली दाखवून दिले की, तिथली मोठी निवटी तोंडात हवा भरभरून बिळात नेते आणि खालच्या दालनात साठवते. पुढे २००७ साली त्यांनी जपानमधल्या लहान निवटीबद्दल आणखी आश्चर्याची गोष्ट प्रसिद्ध केली. मादी बिळातल्या दालनाच्या छताला अंडी चिकटवून ठेवते. अंड्यांना हवा लागते, म्हणून नर प्रत्येक ओहोटीला तोंडाने हवा आणून ते दालन भरत राहतो. आणि पिल्ले बाहेर पडण्याची वेळ आली की एका रात्री, भरती चढत असताना, तोच नर आतली हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो. पाणी आत येते आणि अंडी फुटतात. आठवड्याभराच्या राखणीनंतर योग्य घटका कोणती, हे त्याला कळते. आपल्याकडच्या निवटीचा इतका बारीक अभ्यास आमच्या तरी वाचनात नाही. रायगडच्या एखाद्या बौद्धवाडीतल्या मुलीने तो करावा.

श्वासाची गंमत तर पेटीतही दिसते. निवटी पाण्याबाहेर येताना कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि त्याशिवाय ओल्या कातडीतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. अट एकच, अंग ओले राहिले पाहिजे. म्हणून ती मधूनच कुशीवर लोळते. डोळे डोक्याच्या अगदी वर, बेडकासारखे. ती ते मिटते, म्हणजे खोबणीत आत ओढून घेते आणि ओले करून पुन्हा वर काढते. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे डोळे मिटणे तपासले, तेव्हा डोळा ओला ठेवणे, धूळ काढणे आणि इजा टाळणे ही आपल्या पापण्यांची तिन्ही कामे त्यात आढळली. पेटीसमोर बसलेल्या त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने आम्हाला विचारले, "काका, मग माणूस निवटीपासून झाला का?" नाही झाला. पाण्यातून जमिनीवर आलेले आपले पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, माशांच्या वेगळ्याच कुळातले. निवटी आपली आजी लागत नाही. फार तर, तोच कठीण प्रश्न नव्याने सोडवणारी शेजारीण.

आता घरात ठेवण्याचे. इथे पहिली अडचण अशी की निवटी एका जातीची नाही. आपल्या बाजारात येते ती मोठी, निळसर ठिपक्यांची जात चिखलावरचा शेवाळासारखा पातळ थर खरवडून खाते. डोके डावी-उजवीकडे फिरवीत ती चिखलावर चरते, ते पाहून गवत कापणाऱ्या विळ्याची आठवण होते. तो थर ऊन, भरती-ओहोटी आणि ताजा गाळ यांनी बनतो. काचेच्या पेटीत तो पुरेसा उगवत नाही आणि हा मासा दाणे खात नाही. हळूहळू उपाशी मरतो. म्हणून बाजारातून दोन निवट्या उचलून पेटीत टाकण्याचा विचार असेल तर तो सोडावा. दुसरी, बोटाएवढी, खारफुटीच्या मुळांवर चढून बसणारी करड्या रंगाची जात मांसाहारी आहे. बारीक खेकडे, किडे, गांडुळे तिला चालतात. पेटीत ती ओला जवळा, करंदीचा बारीक तुकडा, डासांच्या अळ्या आनंदाने घेते. श्रीवर्धनच्या पेटीत ती होती.

पेटी तीन फूट लांबीची असावी आणि तेवढ्यात तीनच मासे. ते एकमेकांवर शिडासारखे पर उभारून धावून जातात. गर्दी झाली तर दुबळ्याला लपायला जागा उरत नाही. खाडीचा चिखल घरात आणू नये. उथळ पेटीत तो गढूळ होतो आणि तळाशी सडून विषारी वायू सोडतो. बारीक वाळू धुऊन तिचा उतार करावा आणि बीळ म्हणून प्लंबरकडे उरलेले दीड इंची पाइपाचे तुकडे तिरपे पुरावेत, एक तोंड पाण्यात, दुसरे वर. दिसायला ओबडधोबड, पण निवटीला मान्य. आधी बीळ, मग मासा, हा क्रम उलटा करू नये.

पाणी निम्मे समुद्राचे, निम्मे गोडे. नळाचे पाणी असेल तर त्यातला क्लोरीन जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवावे. मुंबई-पुण्यात समुद्राचे पाणी मिळत नाही म्हणून कोणी स्वयंपाकाचे मीठ विरघळवू नये. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतला पाऊण हिस्सा आपले मीठ. उरलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे पुडीच्या मिठात नसतात. मत्स्यपेटीच्या दुकानात समुद्रक्षार म्हणून वेगळी पिशवी मिळते, तीच वापरावी.

अमोनियाचा उल्लेख वर आला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हा हिशेब आम्हाला जमाखर्चासारखा दिसतो. मासा खातो, घाण टाकतो, त्यातून अमोनिया जमा होतो. वाळूत आणि गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच; मग दुसरे जिवाणू नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. हे जिवाणू पहिल्या दिवशी नसतात. नव्या पेटीत त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ह्या आठवड्यांतच बहुतेक घरांतले मासे संकट अंगावर घेतात! म्हणून पेटी भरल्यावर महिनाभर मासा न आणता रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणू तयार होऊ द्यावेत. पुढे आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नायट्रेट काढून टाकण्याचा गरिबाघरचा मार्ग तोच.

झाकण काचेचे आणि घट्ट हवे, दोन कारणांसाठी. निवटी काचेवर चढते आणि फटीतून निघून कपाटाखाली वाळून जाते. आणि झाकणाखालची हवा दमट राहिली तरच तिची कातडी ओली राहते. छताचा पंखा उघड्या पेटीवर सोडणे म्हणजे तिचा गळा दाबणे होय.

तिचा एक गुण आपल्या घरांना फार सोयीचा आहे. वीज गेली, हवेचे यंत्र थांबले तरी ती मरत नाही, कारण ती हवा घेते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या अंधारात समुद्री माशांची यंत्रावर चालणारी पेटी दुसऱ्या दिवसाचा सूर्य पाहती ना.

अशा पेट्यांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण मुले मोबाइलवर त्या पाहतात आणि हट्ट धरतात. समुद्रात वाळूत घर करणारे देखणे छोटे मासे पुष्कळ आहेत. कॅरिबियन समुद्रात पिवळ्या डोक्याचा, चार इंची, मोठ्या जबड्याचा एक मासा उभे बीळ खणतो, शिंपल्या आणि खडे लावून त्याच्या भिंती बांधतो आणि रात्री तोंडावर दगड ओढून घेतो. त्याचा नर अंडी तोंडात धरून बसतो. दुसरा एक खरब्यांसारखा मासा कोळंबीशी भागीदारी करतो. कोळंबीला नीट दिसत नाही, पण खणता येते. माशाला खणता येत नाही, पण दिसते. कोळंबी एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून काम करते आणि धोका दिसला की मासा शेपूट हलवून तिला कळवतो. पाहायला अपूर्व. पण ह्यांना पूर्ण खारे पाणी, पाच-सहा इंच खोल वाळू, चोवीस तास वीज आणि घट्ट जाळी लागते, कारण घाबरला की जबड्याचा मासा पेटीबाहेर उडी मारतो. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराचे हे काम नव्हे, असे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते.

पैसा असला तरी एक प्रश्न राहतोच. गोड्या पाण्याचे शोभेचे मासे बहुतेक तलावात पैदा केलेले असतात. समुद्री शोभेचे मासे मात्र बहुतांशी प्रवाळातून धरून आणलेले असतात. विदूषक माशासारख्या थोड्या जातींची पैदास जमली आहे. आपल्याकडे मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्राने ती करून दाखवली. फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडे मासे गुंगवून धरण्यासाठी सायनाइड फवारल्याची प्रकरणे पुष्कळ झाली. त्यात एक मासा हाती येतो आणि आजूबाजूचे प्रवाळ मरते. शिवाय समुद्रघोडा आणि प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याने २००१ पासून संरक्षित आहेत. कोणी दुकानदार गुपचूप देऊ लागला तर घेऊ नये.

इथे कोणीतरी पहिले शील काढणार, हे आम्ही जाणतो. त्या धम्मवर्गातच एका तरुणाने विचारले की, जीव कोंडून ठेवणे शीलात बसते काय? आणि दुसऱ्याने लगेच टोला दिला, "खातोस तेव्हा बसतं का?" हशा झाला, पण दोन्ही प्रश्न खरे आहेत. भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत जिवंत प्राण्यांचा व्यापार सांगितला आहे. त्याचा आधार घेऊन खाडीत उतरणाऱ्या गरीब बाईला उपदेश करणे आम्हाला मान्य नाही. तिने धरलेली निवटी तिच्या चुलीसाठी असते, आणि ज्यांनी तिला जमीन दिली नाही त्यांनी तिला शील शिकवू नये. पण हौसेचा हिशेब वेगळा. भूक नाही, गरज नाही, तरी एक जीव आपण त्याच्या घरातून उचलतो. मग त्याला निदान बीळ, ओलावा, अन्न आणि एकमेकांपासून दूर जाण्याइतकी जागा देणे हे आपल्यावर बंधनकारक आहे. ते जमत नसेल तर पेटी ठेवूच नये. शोभेसाठी गोल बरणीत एकटा मासा फिरवत ठेवणे तर आम्हाला कैदच वाटते.

श्रीवर्धनच्या त्या मुलाने निवट्या हिवाळ्यात आणल्या होत्या आणि पावसाळ्याआधी जिथून आणल्या तिथेच सोडणार होता. त्याच्या पेटीत दुकानातला एकही मासा नव्हता, म्हणून हे चालेल. ज्यांच्या पेटीत विकतचे मासे आहेत त्यांनी मात्र कंटाळा आला म्हणून ते ओढ्यात, खाडीत सोडू नयेत. परका मासा आणि त्याच्याबरोबरचा रोग दोन्ही तिथे पसरतात. मासे धरताना खारफुटीच्या रोपांना आणि मुळांना हात लावू नये. खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच संरक्षण दिले आहे. आणि आजीने सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो: पूर्वी जिथे टोपली भरायची तिथे आता मूठ भरते. सावित्रीत येणाऱ्या सांडपाण्याबद्दल मच्छीमारांची ओरड जुनीच आहे. चिखलात जे उतरते ते आधी चिखलावर चरणाऱ्याच्या पोटात जाते. म्हणूनच प्रदूषण तपासायला संशोधक निवटी घेतात.

पेटी न ठेवताही निवटी पाहता येते, आणि आमच्या मते तेच बरे. धम्मसहलीला महाड किंवा आंबडव्याला जाणाऱ्यांनी एक संध्याकाळ बागमांडल्याकडे काढावी. वेळ कशी काढायची? कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ अंदाजे कळते. अष्टमीला आठ पाउणे सहा, म्हणजे सहा वाजता भरती आणि दुपारी बाराच्या पुढे ओहोटी पुरी. पण ते भांगाचे दिवस, पाणी फार मागे जात नाही. पौर्णिमेला पंधरा पाउणे सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास उधाणाची ओहोटी, चिखल दूरवर उघडा. पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. वंदनेच्या आधी तासभर मुलांना खाडीवर न्यावे. काळोखात जाऊ नये आणि चिखलात उतरू नये, तो मांडीपर्यंत गिळतो. बांधावर किंवा धक्क्यावर बसावे, रंगीत छत्री मिटावी आणि दहा मिनिटे कोणी हलू नये. पावलांच्या हादऱ्याने सगळ्या आत गेलेल्या असतात. आधी एका भोकातून दोन डोळे वर येतील, मग पलीकडे आणखी दोन, आणि थोड्या वेळाने मोजता येणार नाहीत इतक्या. बरोबर एखादी म्हातारी असेल तर तिला पुढे बसवावे आणि मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्यावी.